माळ सुटली

६ जून १९७१, रविवार

वारा उत्तरेचा. मासे खोल गेलेले. काइसाने सकाळी दोघा पाहुण्यांना तलावावर नेलं, जेवणापुरते वॉलआय मासे मिळाले. संध्याकाळी तिने होडी धुतली, मग फोनपाशी जाऊन बसली आणि हसली. एकदा हसून गप्प बसली असती तर मी काही लिहिलंच नसतं. पुन्हा पुन्हा हसली. मी शेजारी बटाटे सोलत होते. फोन घेतला तो केबिनी हव्या असणाऱ्या पाहुण्यांसाठी, हसण्यासाठी नाही.

तोच तो न्हावी. एल्रॉय प्रिबिल, डुलुथ शहरातला. मागच्या हंगामाच्या शेवटी मित्रांबरोबर आला होता. मासा एकही लागला नाही, तोंड मात्र दिवसभर चालू. हिवाळ्यात काइसा दात दाखवायला डुलुथला गेली आणि केस कापून आली. मी विचारलं, दाताच्या डॉक्टरने कापले का? तर लाल झाली.

पोरीची तिशी उलटली. बापाची पाठ गेली तेव्हापासून होडी तीच चालवते. पाहुणे फोनवर आधी विचारतात, काइसा गाईड आहे ना, मगच येतो म्हणतात. ती गेली तर इथे काय राहिलं? मी, मोडक्या पाठीचा रेइनो, आणि डास.

आम्हा फिनिश लोकांत असं आहे, पटत नसेल तर माणूस बोलतो. पटलं की गप्प. मी आणि रेइनो किती वर्षं गप्प आहोत. आमच्या संसाराला कोणी नाव ठेवून दाखवावं. म्हणून पोरगी हसायला-बोलायला लागली की मला काळजी वाटते. काहीतरी बिनसलंय तिचं.

९ जून, बुधवार

सांगून मोकळी झाली. मी कणीक मळत होते, वेलचीच्या पावाची.

"आई, एल्रॉय येतोय युहान्नुसला. तुझ्याशी आणि बाबांशी बोलायचंय त्याला."

"बोलायचं तर त्याला नेहमीच असतं."

"आई."

"काय आई? न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत राहणार तू? खाली लोकांचे केस पडणार, वर तू स्वयंपाक करणार?"

"मला तो आवडतो."

असं सरळ. माझ्या तोंडावर. मी लग्न केलं तेव्हा माझ्या आईला असलं काही सांगितलं नव्हतं. लाकूडतोड्यांच्या तळावर रांधत होते, रेइनोने एक दिवस माझी पाण्याची बादली उचलली. तेवढ्यात सगळं झालं.

मी म्हटलं, ठीक आहे. येऊ दे. युहान्नुसच्या सणादिवशी मी स्वतः त्याला तलावावर नेते. मी त्याची गाईड. रात्री शेकोटीला सगळे जमतील, त्या जेवणाचे मासे त्याने आणायचे. आणले तर बसू, बोलू. नाही आणले तर त्याने आपल्या वाटेने जायचं, आणि तू पुन्हा विषय काढायचा नाही.

"आणि आणले तर तू हो म्हणशील?"

"आणू दे तर आधी."

"शब्द दे."

दिला. कणकेच्या हाताने हात मिळवला. तिने मला मिठीच मारली, पीठ सगळं तिच्या शर्टाला. एवढी मोठी घोडी झाली तरी अक्कल नाही.

१३ जून, रविवार

सौनात वाफ घेऊन बाहेर आल्यावर रेइनो पायरीवर बसला आणि म्हणाला, "लेम्पी, जाऊ दे तिला."

या महिन्यातलं त्याचं हे पहिलंच वाक्य असेल. मी म्हटलं, टॉवेल घे, गारठशील. मग तो काही बोलला नाही. म्हणजे त्यालाही पटलं.

२० जून, रविवार

शेजारच्या किनाऱ्यावरची साइमी आली होती, शेकोटीची लाकडं किती लागतील विचारायला. तिला अटीबद्दल आधीच माहीत. काइसानेच सांगितलं असणार, हल्ली हिचं तोंड सगळीकडे उघडं.

साइमी म्हणते, "त्या बिचाऱ्याला निदान बऱ्या जागी तरी ने गं."

मी म्हटलं, तलाव माझा नाही, मासे माझे नाहीत, मी नेईन तिथे नेईन.

"तू नं, लेम्पी, जन्मली तेव्हा सुईणीलाही दम दिला असशील."

हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

२६ जून, शनिवार, सकाळी

आला. नारिंगी तरंगायचं जाकीट घरातूनच अंगात घालून आला, मोटारीतून उतरतानासुद्धा. पोहता येत नाही म्हणे. काइसा त्याच्याकडे असं बघत होती की जणू बाप्याने पाण्यावर चालून दाखवलंय. तिला आज दुसऱ्या होडीतून पाहुण्यांना न्यायचंय, पार पलीकडच्या टोकाला. तशी सोय मीच केली.

वारा पडलेला. पाणी आरशासारखं. अशा पाण्यात वॉलआय तोंड उघडत नाही. चांगला दिवस आहे.

२७ जून, रविवार

कालचं सगळं लिहून ठेवते. हात दुखतोय, तरी.

त्याला आधी गोऱ्या खडकांपाशी नेलं. तिथे मे महिन्यात मासे असतात, जूनच्या शेवटी कोणी फिरकत नाही. जळवांचा डबा त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, गळाला लाव.

"हिला कुठून टोचायचं?"

"जिकडून चिकटते तिकडून."

जळू त्याच्या अंगठ्याला चिकटली, तो ओरडला. मी काढली नाही. स्वतः ओढून काढली त्याने, रक्त आलं, आणि हसून म्हणतो, "मिसेस साल्मेला, माझ्या दुकानात येणाऱ्यांचं रक्त मी काढतो, आज माझी पाळी." मी मोटर बंद केली आणि तलावाकडे बघत बसले.

बोलला, बोलला, बोलला. कोणाच्या टाळूवर तीळ आहे, कोण केस कापताना झोपतो, कोण बायकोला सोडून आलाय आणि आरशात बघून रडतो. मी म्हटलं, मासे ऐकतात. तर खालच्या आवाजात बोलायला लागला. बंद नाही केलं.

आणि वारा सुटला. दक्षिणेकडून, मला न विचारता. पाणी खरबरीत झालं, ऊन झाकोळलं, आणि याच्या गळाची काठी वाकली. मी म्हटलं अडकली असेल खडकात. खडक कसला, चांगला हातभर वॉलआय, डोळे पांढऱ्या काचेसारखे. मी जाळीत घेतला, दुसरं काय करणार. गाईडचं काम आहे ते.

जागा बदलली. वेताच्या खाडीत नेलं, जिथे नुसतं गवत. तिथेही लागला. मी त्याला मोठ्या बेटाच्या मागे नेलं, तिथेही लागला. असले दिवस रेइनोच्या वाट्यालाही फार आले नाहीत. हे आंधळं नशीब, त्यात त्याचं काही नाही, जळू नीट लावता येत नव्हती त्याला शेवटपर्यंत.

मासे माळेत ओवायला मीच शिकवलं. दोरीची सुई खालच्या ओठातून घालायची, म्हणजे मासा पाण्यात जिवंत राहतो. दोरीचं दुसरं टोक वल्ह्याच्या कडीला. गाठ त्याने मारली. विचारतो, "बरोबर आहे ना?" मी ओढून बघितली. बरोबर होती. घट्ट होती.

दुपारी बेटावर उतरलो. एकच मासा कापला, तव्यावर टाकला, बाकीचे रात्रीसाठी माळेत. वॉलआयच्या गालाचं मांस सगळ्यात गोड. रीत अशी की ते गाईडने पाहुण्याला द्यायचं. त्याला काय माहीत. मी खाल्लं.

तो शेपटीकडचं खात म्हणाला, "मिसेस साल्मेला, मला तुम्हाला एक सांगायचंय. काइसाला मी इथून नेणार नाही."

"मग?"

"मीच येतो इकडे. तुमच्या गावात न्हावी नाहीये ना. टपालघराशेजारची खोली रिकामी आहे, मी चौकशी केलीय. ती होडी चालवेल, मी केस कापीन. रविवारी तुमच्याकडे जेवायला येऊ. तिला अजून सांगितलं नाही. आज रात्री शेकोटीपाशी सांगणार, सगळ्यांसमोर. तिचा चेहरा बघायचाय मला."

मी तवा वाळूने घासला.

म्हणजे हा दर रविवारी. माझ्या टेबलाशी. हे तोंड घेऊन. आणि पोरगी त्याच्या समोर बसून खिदळणार, आणि रेइनोसुद्धा, त्याला काय, तोही बोलायला लागेल. नेली असती तर एक वेळ परत तरी आली असती. हा तर घरातच घुसायला निघाला.

होडीत बसलो. तो पुढच्या टोकाला नांगर ओढत होता, पाठ माझ्याकडे. जाकिटामुळे त्याला वाकता येत नव्हतं, वेळ लागला. मासे कापायची सुरी माझ्या मांडीवरच होती. दोरी कडीपाशी कापली. आवाजही झाला नाही.

माळ एकदम बुडत नाही. मासे जिवंत होते, सगळे एका दोरीत. एक इकडे ओढतो, एक तिकडे, म्हणून थोडा वेळ जागेवरच गोल फिरली, पांढरी पोटं दिसली, मग खाली गेली. असे मासे सुटले असं होत नाही. एकमेकांना ओढत मरतात. दोन दिवस लागतात कधीकधी.

तो वळला तेव्हा मी सुरीने जळवांच्या डब्याचं झाकण उचकटत होते. त्याने पाण्याकडे बघितलं, कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "सुटली वाटतं तुझी गाठ."

त्याला काही कळलं नाही. परत येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मनात म्हटलं, शिकतोय.

किनाऱ्यावर सगळे जमलेले. मोठ्या पातेल्यात पाणी उकळतंय, लोणी वितळून ठेवलंय, साइमीने बटाटे आणलेत. काइसा माझा निळा झगा घालून धक्क्यावर पळत आली. होडीत वाकून बघितलं. या बाजूला, मग त्या बाजूला.

"माळ कुठंय?"

"विचार त्यालाच," मी म्हटलं.

साइमी मागून ओरडली, "न्हावीबुवा, मासे भादरून सोडून दिलेत की काय?"

सगळे हसले. तो धक्क्यावर उभा, नारिंगी जाकिटात. काइसाने विचारलं, "एल्रॉय, काय झालं?" त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग तिला म्हणाला, "गाठ नीट बसली नसेल."

"होते? मासे लागले होते?"

"बरेच लागले होते," तो म्हणाला.

तेव्हा काइसा भडकली. लोक हसत होते, तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "एक गाठ! दिवसभरात तुला एवढं एकच काम होतं. पाळण्यातलं पोर बांधील. तोंड बंद ठेवलं असतंस तर हाताकडे लक्ष गेलं असतं!"

मला ऐकताना असं वाटलं की मीच बोलतेय. शब्द न शब्द माझे, सूरही माझा. पोरगी माझी आहे, उगाच नाही.

पुन्हा हसले सगळे. त्याने जाकीट काढलं, घडी घातली, धक्क्याच्या खांबावर ठेवलं. रेइनोशी हात मिळवला. शेकोटी पेटायच्या आधीच त्याची मोटार गेली. जे सांगायचं होतं ते सांगितलंच नाही. मग मीही नाही सांगितलं. मला काय पडलंय.

आम्ही सॉसेज आणि बटाटे खाल्ले. शेकोटी छान पेटली.

रात्री रेइनोने विचारलं, "दोरीला काय झालं?"

"गाठ सुटली."

"हं," म्हणाला, आणि उशी घेऊन सौनाच्या बाहेरच्या खोलीत झोपायला गेला. तिथली ऊब त्याच्या पाठीला बरी.

२८ जून, सोमवार

कडीला दोरीचा तुकडा राहिला होता, गाठीसकट. काल पाहुण्यांच्या गडबडीत विसरले. आज उठल्या उठल्या काढायला गेले तर काइसाने आधीच होडी धुऊन पुसून ठेवलेली. तुकडा नाही. बरं झालं, काम वाचलं.

जेवताना बघते तर माझी सुरी ताटाशेजारी. धार लावलेली, केस कापला जाईल अशी. कधी नव्हे ते न सांगता काम केलं पोरीने. मी म्हटलं, काय गं, आज उजाडलं कुठून? तिने माझ्याकडे बघितलं आणि जेवत राहिली.

बोलली नाही. दिवसभरात एक शब्द नाही. निवळली म्हणायची.

१ जुलै, गुरुवार

काइसा सकाळच्या बसने डुलुथला गेली. सांगितलं रेइनोला, मला नाही. दात असणार. हिवाळ्यात अर्धाच केला होता तो.

२ जुलै, शुक्रवार

आली. डोळे सुजलेले. दात काढला की डोळ्यांतून पाणी येतंच, मला ठाऊक आहे. गाल काही सुजला नव्हता, म्हणजे डॉक्टर चांगला. मी पातळ खीर करून ठेवली, मऊ. तिने ती मांजराला घातली.

११ जुलै, रविवार

साइमी आली, बसायला तयार नाही, उभ्याउभ्याच बोलली. तिची नणंद डुलुथला त्याच गल्लीत राहते. म्हणाली, काइसा दुकानाच्या दारात उभी होती, हातात दोरीचा तुकडा. आत गिऱ्हाईक अर्धा साबण लावून बसलेलं. ती काहीतरी दाखवत होती, रडत होती. न्हावी हातात टॉवेल घेऊन बाहेर आला.

"तो म्हणाला, मला ठाऊक होतं. मी त्या दिवशीच पाहिलं होतं. ती म्हणाली, मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, तुझी आई आहे ती. तुझ्या घरात तुला राहायचंय. पण काइसा, धक्क्यावर ती बोलत नव्हती, तू बोलत होतीस. अगदी तिच्यासारखी. मी जन्मभर ते ऐकू शकणार नाही."

साइमी माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी म्हटलं, "मग? माझ्यासारखी नाही तर कोणासारखी बोलणार?"

"लेम्पी, तू खरंच दोरी कापलीस?"

"कॉफी घेणार की जाणार?"

गेली. बटाट्यांचं भांडं तिचं अजून माझ्याकडेच आहे.

३१ जुलै, शनिवार

सगळ्या केबिनी भरलेल्या. काइसा पहाटे जाते, अंधार पडता येते. शनिवारी सौनात आम्ही बायका बरोबर जातो, ती लहान होती तेव्हापासून. मी तिची पाठ घासते, ती माझी. आता म्हणत नाही काही, पण मी बाहेर आल्यावरच आत जाते. थकत असेल. तिच्यासाठी पाणी गरम ठेवते मी.

रेइनोचा पलंगही आता तिकडेच नेला. दोघं बापलेक तिथे पायरीवर बसतात. मी लांबून बघितलं, काहीतरी बोलत होते. मी जवळ गेले तर गप्प. आमच्या घराला शांतता आवडते.

५ सप्टेंबर, रविवार

हंगामाचा शेवटचा गर्दीचा दिवस. साइमीच्या किनाऱ्यावरचे पाहुणेसुद्धा काइसाला मागत आले. म्हणतात, तिच्यासारखी गाईड नाही, दिवसभर हसवते, होडीतून उतरावंसं वाटत नाही. मी विचारलं, आमची काइसा? बोलते? तर म्हणतात, अहो, तोंडाला खळ नाही. मला बरं वाटलं. बाहेर गिऱ्हाइकांसाठी बोलावं लागतं. घरात तिला गरज पडत नाही. या उन्हाळ्यात तिने मला एकदाही उलटून उत्तर दिलेलं नाही.

कुठेही गेली नाही. हेच तर हवं होतं. मी रोज सकाळी मोटर सुरू झालेली ऐकते आणि पुन्हा डोळे मिटते.

दुपारी धक्क्याजवळ मी पाहुण्यांना मासे वाढत होते. काइसाने सकाळी मिनियापोलिसच्या एका बाईला आणि तिच्या नवऱ्याला नेलं होतं. ती बाई ताट संपवून माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. माझा हात धरला, ओला होता तरी.

"तुम्ही इथे बरीच वर्षं कामाला आहात का?"

म्हटलं, बरीच.

"मग तुम्ही ओळखत असाल त्यांना. मालकीणबाईंना. या जूनमध्येच वारल्या ना? मुलीने सांगितलं होडीत, आम्ही आईबद्दल विचारलं तेव्हा. किती शांतपणे सांगितलं. मला तर रडूच आलं."

सासूबद्दल म्हणत असणार. पण सासू तर केव्हाच गेली, काइसा रांगत होती तेव्हा, आणि तेही ऐन थंडीत, कबरीसाठी गोठलेली जमीन खणायला आग पेटवावी लागली होती. शहरातल्या लोकांना अर्धं ऐकायची सवय. काइसा धक्क्यावर होडी बांधत होती, आमच्यापासून हाकेवर. तिने सगळं ऐकलं असणार. वर बघितलं नाही. गाठ मारली, ओढून बघितली.

मागे रांग लागली होती, पातेलं थंड होत होतं. कोण समजावत बसणार.

मी म्हटलं, हो, वारल्या. ताट द्या इकडे.